न आलेल्या माणसाचं पान

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा माझ्या गुरूंनी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं, मग तिच्या कपाळाकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा दावा बुडाला तर तो या कुंकवापायी बुडेल."

गुरू म्हणजे ठाण्याच्या कोर्टातले एक जुने वकील. सनद मिळाल्यावर मी कल्याणहून त्यांच्या बिऱ्हाडी जायचो, कागद उतरवायचो, पुस्तकं वाहायचो आणि मधूनमधून शिव्या खायचो. माझं डोकं तेव्हा फार लवकर तापायचं. आताही तापतं, पण ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. बाईच्या तोंडावर असं बोललेलं मला मुळीच आवडलं नव्हतं. तिला मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं पदर जरासा मागे घेतला, म्हणजे कुंकू आणखीच दिसायला लागलं, आणि म्हणाली, "नवऱ्याचं परेत दाखवा. आता हितंच पुसतंय."

ती ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या एका गावची. तिथली माणसं मिठागरांवर राबायची आणि खाजणात भात पिकवायची. खाजण म्हणजे खाडीच्या तोंडून हिसकावून घेतलेली जमीन. भोवती मातीचा बांध घालायचा. बांध शाबूत आहे तोवर भात. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि मग पुढची काही वर्षं त्या मातीत गवतही धड उगवत नाही. तिच्या नवऱ्याचं असं एक खाजण होतं आणि त्याला लागून धाकट्या भावाचं. वाटणी बापाच्या हयातीतच झालेली होती, चुली वेगळ्या होत्या. दोन घरांमधली भिंत मात्र एकच होती.

एका अमावस्येच्या उधाणात मोठ्याच्या बांधाला खांड पडली. दोघे भाऊ फावडी, पेंढ्याचे भारे आणि मेढी घेऊन दिवस उगवताच बांधावर गेले. उन्हं वर आली तेव्हा धाकटा एकटाच परत आला, छातीपर्यंत चिखलानं भरलेला. बाई दारात भात निवडत होती. तिनं विचारलं, "आनि हे?" तो म्हणाला, "येतंय." आणि आपल्या घरात शिरून दार लावून घेतलं. ती दुपारपर्यंत थांबली. मग लोकांना घेऊन बांधावर गेली. खांड चांगली बुजवलेली होती. बांधावर नवऱ्याचं कांबळं पडलेलं होतं. नवरा नव्हता.

कोळ्यांनी खाडी धुंडाळली, जाळी टाकली. काही लागलं नाही. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, पाण्यावरून दोघा भावांचं आदल्या आठवड्यातच कडाक्याचं भांडण झालं होतं, ते साऱ्या गावानं ऐकलेलं. शिपाई आले, धाकट्याला ठाण्याच्या तुरुंगात नेलं, सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. आणि तो सुटला. प्रेत नाही, पाहणारा नाही, हत्यार नाही. भांडण झालं होतं, पण भांडण कुठल्या दोन भावांत होत नाही? मेला म्हणून रडून मोकळे झालेले लोक आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस अंगणात उभा, अशा गोष्टी सेशन्सच्या साहेबानंही ऐकल्या असणार. त्यानं संशयाचा फायदा दिला. मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि याचाच मला पुढे फार त्रास झाला.

सुटून आल्यावर धाकट्यानं एक केलं. भावाचं खाजण कसायला घेतलं. म्हणाला, भाऊ परत येईपर्यंत मी राखतो. बाईला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी नव्हतं. ती दुसऱ्यांच्या आगरांवर मीठ ओढायला जाऊ लागली. नवरा मेला असता तर वाटणीचं खाजण तिचं होतं. पण मेला हे कुणी सांगायचं?

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं होतं. ज्या माणसाची सात वर्षं काही खबर नाही, तो मेला असं धरून चालायची मुभा सरकारी कायद्यात आहे. आपल्याकडची रीत निराळी. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं आणि तेव्हा कुठं त्याची बायको विधवा. म्हणजे सातव्या वर्षी कोर्टात मेलेला माणूस गावात आणखी पाच वर्षं जिवंतच असतो. ही बाई सात वर्षं झाल्या झाल्या आमच्याकडे आली होती. कोर्टाच्या हिशेबानं ती वेळेवर होती. कुंकू पुसायची वेळ मात्र झालेली नव्हती. शिवाय पुतळ्याला अग्नी द्यायचा तो जवळच्या पुरुषानं, आणि जवळचा पुरुष म्हणजे तो दीरच.

गुरू म्हणाले, "रीत राहू दे बाजूला. दावा लावायचा तर बांगड्या उतरवून या."

"लोक काय बोलतील? जमिनीसाटी नवऱ्याला मारला."

"लोक बोलतील. दावा तर जिंकाल."

"नाय," ती म्हणाली. मग, कुणालाच न सांगितल्यासारखं, "आनि तो आला तं?"

गुरूंनी हात टेकले. दावा तसाच दाखल झाला.

समोरचा वकील माझ्याहून थोडासाच मोठा होता आणि त्याची जीभ भलतीच चालायची. बाई साक्षीला उभी राहिली तेव्हा मुन्सफ तपकीर ओढत बसले होते. चांगला, शांत गृहस्थ. आता त्यांना सबजज्ज म्हणायचं असं ठरलं होतं, पण लोकांच्या तोंडी मुन्सफच बसलेलं.

"तुमचा नवरा मेला असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"कपाळावर काय लावलंय?"

"कुकू."

"या वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलंत?"

"गुंडाललं."

"काय मागितलंत देवाकडे?"

"हाच नवरा मागला."

"मेलेला?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाईनं हसणाऱ्यांकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाली, "आनखी कुठला मागू?"

हसणारे गप्प झाले, पण मुन्सफांची लेखणी चालू होती. त्यांनी काय लिहिलं असेल ते मला ठाऊक होतं. वादी सौभाग्यवतीच्या वेषात हजर, व्रतं पाळते. पूर्वी बायका आपल्या रीतीप्रमाणं वागत, त्याला कुणी पुरावा म्हणत नसे. कोर्टात आल्यावर प्रत्येक गोष्ट पुरावा होते, आणि कुणाच्या बाजूचा होईल ते आपल्या हाती राहत नाही. त्यात समोरच्यांनी दोन साक्षीदार आणले. दोघंही छातीठोकपणे म्हणाले की मुंबईच्या बंदरावर आम्ही त्याला गोणी वाहताना पाहिला. एकानं दाढी वाढवलेली सांगितली, दुसऱ्यानं सफाचट. गुरूंनी त्यांना बऱ्यापैकी उघडं पाडलं. तरीही पारडं कुणीकडे झुकेल हे सांगवत नव्हतं.

मग धाकटा उभा राहिला. थोराड अंगाचा, मिठागरावर राबून डोळे लाल झालेला माणूस. कायम खाली बघून बोलायचा. म्हणाला, "भाऊ जिता हाय. रागावून गेलाय. येल."

तेवढ्यात ती मागून उठली. पट्टेवाला तिला बसवायला धावला, पण तिचा आवाज पार मुन्सफांपर्यंत गेला.

"हितं कशाला बोलतंस? देवीम्होरं बोल. देवीम्होरं बोल, मी मानतंय."

त्या काळी शपथेचा असा एक कायदा होता, अजूनही असेल. एका पक्षकारानं सांगावं की समोरच्यानं अमुक देवापुढे शपथ घेऊन जे सांगितलं ते मी कबूल करीन, आणि समोरचा त्याला तयार झाला, तर शपथेवरचं ते बोलणं त्या दाव्यापुरतं कायमचं खरं. मग साक्षी नाहीत, पुरावे नाहीत, काही नाही. मुन्सफांनी लेखणी ठेवली आणि हे सगळं तिला सावकाश समजावून सांगितलं. मला वाटलं आता ती घाबरेल. ती म्हणाली, "मग त्याच्या पोराच्या डोईवर हात ठेवून बोलू दे."

"तसं चालत नाही," मुन्सफ म्हणाले. "तिसऱ्याच्या जिवावर शपथ घालता येत नाही. कायद्यात मनाई आहे."

"तं गावदेवीचा भंडारा उचलू दे."

गुरू तिला ओढतच व्हरांड्यात घेऊन आले. एवढे संतापलेले मी त्यांना क्वचितच पाहिले होते. "कळतंय का तुम्हाला? तो खोटं बोलला तर ते खोटंच खरं ठरेल. अजून आपली बाजू गेलेली नाही. थोडं थांबा."

"भंडारा उचलून खोटा बोलल?"

"ज्यानं भावाला..." गुरूंनी पुढचे शब्द गिळले. "जो एवढं करू शकतो तो हेही करील."

ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. समोर मासुंदा तळ्यावर ऊन तापलेलं होतं. मग ती जे बोलली ते मी कितीदा तरी आठवलं असेल. "वकीलसाहेब, सात वरसं मी भिंतीच्या ह्या अंगाला झोपतंय नि तो त्या अंगाला. तो खोकला तरी मना ऐकाय येतं. खाजन मना हवंच. पन आधी त्याच्या तोंडून ऐकायचं हाय. मेलाय क जिता हाय. बस."

धाकट्यानं नकार द्यायला हवा होता. त्याच्या वकिलानं तसं सुचवलंही. पण साऱ्या गावासमोर देवीचा भंडारा नाकारला तर गावात तोंड कसं दाखवायचं? तो तयार झाला.

आठवड्यानं भर दुपारी आम्ही त्या गावी गेलो. कोर्टाच्या नाझराचा कारकून शपथ नोंदवायला आला होता, मी बाईच्या बाजूनं. गुरू आले नाहीत, मला असले तमाशे बघवत नाहीत म्हणाले. गावदेवी म्हणजे कौलाच्या छपराखाली शेंदूर फासलेला एक पाषाण. सारा गाव जमला होता, पण बोलत कुणीच नव्हतं. दूर कुठं तरी उघाडीतून ओहोटीचं पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

पुजाऱ्यानं त्याच्या ओंजळीत आधी आगराचं मूठभर मीठ ठेवलं. तिथली तीच रीत. ज्या मिठावर पोट भरतं ते साक्षीला. वर भंडारा ओतला. कारकुनानं विचारलं, "तुझा भाऊ जिवंत आहे की मेला आहे, ते सांग."

तो उभा राहिला. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या तळहातांना घाम सुटून मीठ पाझरायला लागलं, पिवळे ओघळ कोपरापर्यंत आले. मी मनात म्हणत होतो, मेला म्हण. एकदा म्हण. खटल्यातून तू सुटलेला आहेस, पुन्हा कुणी तुला फासावर चढवत नाही. फक्त एक खाजण जाईल. त्यानं मान वर केली. देवीकडे नाही, त्यानं भावजयीकडे पाहिलं. आणि म्हणाला, "जिता हाय."

मी तिच्याकडे वळलो. अजून ते डोळ्यांसमोर येतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. कुणी खुशालीचा निरोप आणावा तसा तिचा चेहरा उजळला होता. ती पुढे झाली, त्याच्या हातातून सांडलेला भंडारा जमिनीवरून टिपला आणि कपाळाला लावला, कुंकवाच्या वरती.

"वहिनी," मी म्हणालो, कारण दुसरं काय म्हणावं ते सुचेना, "जमीन गेली."

"त्यानं भंडारा उचललाय," ती म्हणाली. "मग जिताच हाय."

दावा निकालात निघाला. नवरा जिवंत असल्यामुळं वादीला हक्क नाही. एवढं एक वाक्य.

त्यानंतर मला त्या गावी जायचं काही कारण नव्हतं. पण पुढल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका बांधाच्या तंट्यात पाहणीला गेलो, आणि परत येताना पाय आपसूक तिकडे वळले. दिवेलागणीला थोडा अवकाश होता. बाई आपल्या घरातून निघाली. हातात पाट आणि पाण्याचा तांब्या होता. ती शेजारच्या दारी गेली, सरळ आत शिरली. मी अंगणाच्या कडेला उभा होतो, सगळं दिसत होतं. धाकटा आणि त्याची मुलं जेवायला बसली होती. तिनं भिंतीशी पाट मांडला, तांब्या ठेवला आणि जावेला म्हणाली, "वाढ."

जावेनं पितळीत भात वाढला, वर सुकटीचं कालवण घातलं आणि ती पितळी रिकाम्या पाटापुढे ठेवली. बाई बाजूला बसून राहिली. मुलं खाली बघून जेवत होती. धाकट्याचा हात भातातच होता. त्यानं घास उचललेला मी पाहिला नाही.

गावच्या पाटलानं मला नंतर सांगितलं. भंडारा उचलला त्याच दिवसापासून हे सुरू होतं. बाईचं म्हणणं सरळ होतं. खाजण याच्याकडे, त्या खाजणाचा भात याच्या घरात, तेव्हा मालकाचं पानही इथंच वाढलं पाहिजे. मालक जिवंत आहे, हे यानंच देवीपुढे सांगितलंय. कधी येईल त्याचा नेम नाही, आला तर उपाशी का राहावा? नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणं म्हणजे भाऊ मेला हे कबूल करणं. "साहेब, आमी पन काय बोलू?" पाटील म्हणाला. "ती खोटं तं बोलत नाय."

हे तिनं सूड म्हणून केलं, की तिचा खरोखरच त्या शपथेवर विश्वास बसला होता? मी पुष्कळ विचार केला आहे. जेवणं झाल्यावर ती ती पितळी उचलून घरी आणायची आणि स्वतः जेवायची नाही, गाईला घालायची, एवढं मला कळलं. त्यावरून काय सिद्ध होतं? काहीच होत नाही. माणसाच्या मनात काय आहे याचा पुरावा मला आयुष्यभर कधी मिळाला नाही, आणि माझा धंदा तर तोच होता.

मग एके दिवशी धाकटा माझ्या कल्याणच्या घरी आला. ओटीवर बसेना, पायरीशीच उभा राहिला. वाळून निम्मा झाला होता.

"वकीलसाहेब, शपत मागं घेवाला येते का?"

मी चिडलो होतो. "कशाला? जमीन मिळाली ना?"

"जमीन मी तिला देतंय. बोललू, घे. ती बोलते, मालक आला क त्याच्या हातात दे." त्यानं हात जोडले. "पान बंद कराला सांगा तिला. पोरं माजी जेवत नाय. तो येतंय."

"कोण येतो?"

त्यानं मागे वळून गल्लीकडे पाहिलं. मी विचारायला नको होतं, पण वकिलाची जीभ. "त्या दिवशी बांधावर काय झालं?"

तो माझ्या अंगणातल्या तुळशीकडे बघत बोलला. "खांडीत उतरला तो. पानी जोरात येत होतं. हात माज्या हातात होता." त्यानं आपला उजवा हात पुढे केला आणि उघडला. "हात सुटला क मी सोडला, मना ठावं नाय. देवाशपत नाय ठावं. आदी राग होता, तो पन खरा. मी आठवतंय, आठवतंय, तेवढंच नाय आठवत."

मला त्याचा तिटकारा वाटत होता आणि त्या क्षणी तो खरं बोलतोय याबद्दल तिळमात्र शंका वाटली नाही. दोन्ही एकाच वेळी. मी त्याला सांगितलं की खुनाचा खटला आता उभा राहणार नाही, पण भंडारा उचलून खोटं बोललो असं म्हणालास तर खोट्या शपथेबद्दल तुरुंगात जाशील. आणि एवढं करूनही झालेला निकाल फिरत नाही.

"म्हंजे तो जिताच?"

"त्या दाव्यापुरता जिताच."

तो वळला आणि गेला. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत मी ऐकत होतो.

भाऊ नाहीसा झाल्याला बारा वर्षं उलटून गेली. पुतळ्याचा विधी करू या, असं तो स्वतः भावजयीच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, असं मी ऐकलं. ती म्हणाली, जित्या माणसाला कोण जालतं? पान चालूच राहिलं. त्याच्या मोठ्या मुलानं घर सोडलं, ठाण्याला जाऊन राहिला. बायको आजारी पडायला लागली.

मग एका भाद्रपदात बाई हिवतापानं गेली. त्या दिवशी दुपारी पाटलाचा माणूस धावत माझ्याकडे आला. म्हणाला, ताबडतोब चला, मयत अंगणात पडून आहे आणि बायकांना काय करावं कळत नाही. मी तसाच निघालो.

अंगणात तिला न्हाऊ घालून ठेवलं होतं. एका बाजूला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, खणानारळाची ओटी. दुसऱ्या बाजूला पांढरं लुगडं. म्हाताऱ्या बायकांचं एकमत होत नव्हतं. सवाष्ण म्हणून न्यायची तर नवरा कुठं आहे? विधवा म्हणून न्यायची तर ती विधवा झाली कधी? कपाळावरचं कुंकू आंघोळीनं फिकट झालं होतं, पण गेलं नव्हतं. भरायचं की पुसायचं, एवढाच प्रश्न. सवाष्ण मरण यावं म्हणून आमच्या बायका जन्मभर देवाला विनवतात, त्यामुळं हा काही साधा प्रश्न नव्हता.

धाकटा तिच्या पायाशी बसला होता. एकदम उठला आणि म्हणाला, "पुसा."

सगळ्या त्याच्याकडे वळल्या.

"पुसा कुकू. माजा भाऊ मेला. त्याच दिवशी मेला. माज्या हातातून गेला." आवाज फाटला होता. "मी खोटा भंडारा उचलला. आता तरी खरं बोलू द्या मना."

मला वाटलं आता आकाश कोसळेल. इतकी वर्षं साहेबाला मिळालं नाही, मुन्सफांना मिळालं नाही, ते त्या अंगणात दिवसाढवळ्या पन्नास माणसांनी ऐकलं. आणि काहीच झालं नाही. एक अगदी म्हातारी बाई, गावातली सगळ्यात मोठी, काठी टेकत त्याच्यासमोर आली. "देवीम्होरं येक बोललास," ती म्हणाली, "नि मढ्याम्होरं येक बोलतंस. कंचं धरू आमी?"

"ह्ये धरा. ह्ये खरं हाय, आये."

"तवा पन खरंच बोललू म्हनालास." म्हातारीनं मान हलवली. "हिनं तुज्या बोलावर उभा जलम काढला. आता मेल्यावर तुज्याच बोलावर हिचं कुकू पुसू?"

पाटील माझ्याकडे वळला. "वकीलसाहेब, कागदात काय हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटाही. त्याचे ते लाल डोळे माझ्याकडे असे लागले होते की मला दुसरीकडे बघता येईना. मला ठाऊक होतं तो खरं बोलतोय. पण मला विचारलं होतं ते कागदाबद्दल, आणि माझ्या समोर ती पडली होती, ज्या बाईनं मेला की जिवंत एवढंच विचारलं होतं आणि जिला जे उत्तर मिळालं ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

"कागदात तो जिवंत आहे," मी म्हणालो.

बायकांनी पांढरं लुगडं उचलून आत नेलं. तिला हिरवं नेसवलं, बांगड्या भरल्या, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं. वाटेत पोरीबाळींनी वाकून तिला नमस्कार केले. धाकटा मडकं धरून पुढे चालत होता. दुसरं कोण धरणार? खाडीच्या काठावर सरण रचलेलं होतं, भरती चढत होती, आणि भटजी घाई करत होते. त्यांनी त्याला विस्तव दिला आणि रीतीप्रमाणं म्हणाले, नवरा परगावी असल्यामुळं त्याच्या वतीनं दीर अग्नी देतोय, असं भावाचं नाव घेऊन मोठ्यानं म्हण.

त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. भटजींनी वाक्य पुन्हा सांगितलं. गाव उभा होता, कुणी त्याच्या मदतीला आलं नाही, मीही नाही. शेवटी त्यानं भावाचं नाव घेतलं, सगळं वाक्य नीट म्हटलं आणि आपल्या जिवंत भावाच्या वतीनं त्याच्या बायकोला अग्नी दिला.